कूस बदलली

आमच्या भागात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, मुलगा की मुलगी? सांगली-मिरजेत नर्सिंग होम म्हणजे खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड आणि जिन्यातून डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन चढणाऱ्या आज्या. 1949 च्या नोंदणी कायद्यात या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. आजारी, जखमी, दुर्बळ माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा, आणि प्रसूतिगृहही त्यातच धरावं, असं. लोकांनी शेवटचं तेवढं उचललं. त्यामुळे 2018 च्या दिवाळीनंतर अण्णांसाठी मी जी जागा शोधत होतो तिला काय म्हणायचं, इथूनच अडचण होती. वृद्धाश्रम म्हणावं तर तोंडातून निघेना. हॉस्पिटल म्हणावं तर तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. शेवटी मी ‘सेंटर’ म्हणायला लागलो. सेंटर म्हटलं की कशाचं ते कुणी विचारत नाही. कराडची आत्या मात्र फोनवर म्हणाली, “म्हणजे ठेवलास म्हण की त्याला.”

ठेवलं, हे खरंच होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णांना पार्किन्सन होता, त्यात न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन छान झालं. मिरजेत ते होणारच. 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल उघडलेलं गाव ते, अर्धा कर्नाटक तिथे उपचाराला येतो. हाड जोडणारे, डोळे उघडणारे, हृदयात तार घालणारे सगळे एका रस्त्यावर भेटतात. पण हाड जुळल्यावर जो माणूस उरतो, ज्याला उठवायचं, भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं असतं, त्याला घेऊन रिक्षात बसलं की ड्रायव्हर विचारतो “कुठं?” आणि आपल्याला सांगता येत नाही. मी आणि बायको दोघंही साठीच्या उंबऱ्यावर, तिची कंबर गेलेली, मुलगा पुण्यात. चार महिने घरी केलं. ते चार महिने कसे गेले हे लिहिणार नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

मी 32 वर्षं सहकारी बँकेत होतो, त्यातली शेवटची 19 तपासणी विभागात. त्यामुळे सेंटर बघायला गेलो ते शाखा तपासायला जावं तसाच. विश्रामबागेकडचा एक मजली बंगला, 14 खाटा. फरशी कोरडी होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांना झाकणं होती. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख मी वाकून वाचली. न्हाणीत धरायला कठडे होते. वास नव्हता, म्हणजे फिनेलचा होता. चालवणारे नवरा-बायको, बाई पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, बोलायला सरळ. महिना 18,000, डायपर आणि औषधं वेगळी. 2007 च्या कायद्यात आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देण्याची सोय आहे, तिची कमाल मर्यादा महिना 10,000. तो आकडा ठरवणाऱ्यांनी कधी डायपरचा भाव विचारला नसावा, असं तेव्हा मनात आलं.

आणि मग त्यांनी वही दाखवली.

प्रत्येक खाटेची वेगळी वही. नाश्ता, जेवण, लघवी, शौच, औषध, रक्तदाब, आणि दर दोन तासांनी ‘कूस बदलली’. रेघा आखलेल्या, अक्षर मोत्यासारखं. मला भरून आलं. अण्णांना तिथे ठेवायचा निर्णय मी त्या वहीवर घेतला, हे कबूल केलं पाहिजे. 19 वर्षं ज्या माणसाने कॅशबुकं चाळली, त्याला एवढं सुबक पान बघून शंका यायला हवी होती. खरी वही कधी अशी नसते. तिच्यात खाडाखोड असते, दोन शाया असतात, घाईतलं अक्षर असतं, चहाचा गोल डाग असतो. एकाच बैठकीत लिहिलेलं पान आम्ही लांबूनही ओळखायचो. पण तिथे मी तपासनीस नव्हतो. दमलेला मुलगा होतो, आणि दमलेल्या माणसाला नीटनेटकेपणाचा फार आधार वाटतो.

अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. 41 वर्षं. हळकुंड हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवायचे, मग मोडून तुकडा नाकाशी न्यायचे आणि माल सांगायचे. कच्ची शिजलीय, ओल आहे, पॉलिश जास्त मारलंय. 2005 च्या पुरात हरिपूरची पेवं बुडाली, जमिनीखाली साठवलेली हळद पाण्यात गेली. तेव्हा ते निवृत्त झालेले होते, तरी पाणी उतरल्यावर रोज तिथे जाऊन उभे राहायचे. आजार सुरू झाला तो नेमका त्याच दोन बोटांपासून. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, काही हातात नसताना. डॉक्टर म्हणाले, आम्ही याला ‘पिल रोलिंग’ म्हणतो, पूर्वी वैद्य गोळी वळायचे तशी हालचाल. घरात आम्हाला ते हळद बघणं वाटायचं. वर्षभर आम्ही त्याला सवय समजून हसत होतो.

पार्किन्सनमध्ये गोळीइतकीच गोळीची वेळ महत्त्वाची असते. लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरची मुख्य गोळी, पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने माणूस सुटा होतो, आणि चार तासांत परत आवळला जातो. पुढे पुढे ही खिडकी आणखी लहान होते. शिवाय डाळ, दूध असलं प्रथिनांचं खाणं सोबत झालं तर औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास द्यायची. अण्णांच्या वेळा सात, अकरा, तीन, सात. सेंटरच्या औषधांच्या वेळा नऊ, एक आणि नऊ. सगळ्यांच्या गोळ्या प्लास्टिकच्या वाट्यांत काढून, जेवणाच्या ताटाबरोबर. मी चिठ्ठी दिली होती, डॉक्टरांचा कागद दिला होता. बाई म्हणाल्या, “हो हो, लक्षात आहे.” लबाडी नव्हती त्यात. 14 माणसांची औषधं 14 घड्याळांवर चालवायची तर एक माणूस फक्त त्यालाच लागतो, आणि तो नव्हता.

परिणाम असा की दुपारी जेवण यायचं तेव्हा अण्णा लाकूड झालेले असायचे. जबडा उघडायचा नाही, घास गालात राहायचा. ‘आजोबा जेवायला त्रास देतात’ असं मला दोन रविवारी सांगितलं गेलं. मीही त्यांनाच रागावलो. “अण्णा, गिळा की आता!” ते आठवलं की अजून मान खाली जाते.

हे सुधारलं ते माझ्या चिठ्ठीने नाही. तिथे एक मावशी होत्या. तिथल्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणायचे, पण या पन्नाशीच्या, काठपदराच्या साडीचा पदर खोचलेल्या, शामरावनगरला राहणाऱ्या. पार्किन्सन हा शब्द त्यांना सांगता येत नव्हता. एका रविवारी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “साहेब, अण्णा घड्याळावर चालत्यात बगा. गोळी गेली की अर्ध्या तासानं मानसात येत्यात. मी आता आधी गोळी देते, मग बाकीच्यांचं आवरते, आनि शेवटी त्यांना भरवते. ताट गार हुतंय, पन खात्यात.” तीन आठवड्यांत ही बाई तिथे पोचली होती, जिथे मला न्यूरॉलॉजिस्टच्या तीन फिया भरून पोचता आलं होतं. आणि ताट गार झालेलं चालतं, हा निर्णयही तिने स्वतःच घेतला होता.

मग त्यांनी विचारलं, “अण्णा काय काम करत हुते वो?”

सेंटरच्या चार पानी फॉर्मवर रक्तगट होता, आधार नंबर होता, ‘काही बरंवाईट झाल्यास संपर्क’ होता, मृत्यूनंतर शव कुणाच्या ताब्यात द्यायचं हेसुद्धा होतं. हा प्रश्न नव्हता. मी सांगितलं, हळदीच्या दुकानात दिवाणजी. पुढच्या रविवारी गेलो तर अण्णांच्या हातात हळकुंड होतं. मावशींनी घरून आणलेलं. ते अंगठ्याखाली फिरवत होते, आणि हात थरथरत नव्हता. डॉक्टरांना मी नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे, हे कापरं हात रिकामा असताना जास्त असतं, कामात गुंतला की कमी होतं. म्हणजे त्याला वैद्यकीय कारण आहे. असू दे. हळकुंड आणायचं मला सुचलं नव्हतं, घरात 41 वर्षं हळदीचा वास असून.

त्यांच्याकडून मी आणखी बऱ्याच गोष्टी शिकलो. रोज कूस वळवताना त्या माकडहाडावरच्या आणि टाचांवरच्या कातडीवर अंगठा दाबायच्या. “लाल दिसलं तर दाबून बगायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक. दाबलं तरी लालच ऱ्हायलं की समजायचं, आतनं कुजाय लागलंय.” आणि त्या लाल जागेवर मालिश करायची नाही, पावडर चोळायची नाही, फक्त वजन काढायचं. भरवताना उशी नाही, पूर्ण बसतं करायचं, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर घास छातीत जातो. एखादा म्हातारा एका रात्रीत अचानक बडबडायला लागला, माणसं ओळखेना, तर आधी डोक्याचा विचार करायचा नाही, लघवीचा वास बघायचा, तिथल्या संसर्गानेही असं होतं. हे सगळं त्यांना मिरजेच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून काम करताना सिस्टरांनी शिकवलेलं. मी मात्र त्या वर्षी सेंटरला जे शंभरातले नव्वद गुण मनातल्या मनात देत होतो, ते बंगल्याला आणि वहीला देत होतो.

2019 चा ऑगस्ट आला. सांगलीकराला पाऊस इंचात कळत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं त्यावर कळतो. 40 ला इशारा, 45 ला धोका. लहान पोरंही सकाळी उठून धावसंख्या विचारावी तसं “किती झालं?” विचारत होती. त्या वर्षी ते 57 च्या वर गेलं. आम्ही गावभागात राहतो. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं तेव्हा बोटीतून निघालो आणि तासगावला मेहुण्याकडे जाऊन पडलो. शामरावनगरात तर घरंच्या घरं पाण्यात. मावशींची खोलीही गेली. त्या दोन नातवंडांना घेऊन शाळेतल्या छावणीत होत्या. सेंटर उंचावर, तिथे पाणी आलं नाही. मी रोज फोन करायचो. “काळजी करू नका, अण्णा मस्त आहेत.” फोन लागला हाच आनंद होता, पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

आठव्या दिवशी पोचलो. अण्णा उताणे होते. दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या. आणि माकडहाडावर रुपयापेक्षा मोठी जखम, आतलं लाल मांस दिसणारी, कडेने टाल्कम पावडर चिकटलेली.

काय झालं होतं ते तुकड्या-तुकड्याने कळलं. दिवसाच्या दोघींपैकी मावशी नव्हत्या, दुसरी कुपवाडहून यायची तिचा रस्ता बंद. रात्रीची एक मुलगी तेवढी होती, ती तिथेच अडकली आणि दिवसरात्र तीच. वीज गेलेली. अण्णांच्या खाली एअर बेड होता, मोटरवर चालणारा, ज्याचे फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात. वीज नाही म्हणजे मोटर नाही, म्हणजे ती गादी म्हणजे लोखंडी पलंगावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद. इन्व्हर्टर दिव्यांपुरता. त्या मुलीने लाल डाग बघितला, तिला जे माहीत होतं ते तिने केलं. पावडर चोळली.

मी वही मागितली. सहा ते तेरा ऑगस्ट. रात्री बारा, कूस बदलली. रात्री दोन, कूस बदलली. पहाटे चार, कूस बदलली. जेवण केले. झोप शांत. आठही दिवस, एकच शाई, एकच अक्षर, एकही खाडाखोड नाही. अक्षर त्या मुलीचं नव्हतं, चालवणाऱ्या बाईंचं होतं. मी पान उलटून धरलं आणि बोट ठेवलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, “साहेब, लिहिलं नसलं की नातेवाईक भांडतात. येतात आणि आधी वही मागतात. तुम्हीपण पहिल्या दिवशी वहीच बघितली होती.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मेहुण्याच्या घरी मी हिशेब मांडला, सवयीने. रात्रपाळी आठ ते आठ. पूर्ण अंथरुणाला खिळलेले पाच. दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे प्रत्येकी सहा वेळा, एकूण तीस. एकटीने, न ओढता, उशा लावून, एकाला आठ मिनिटं धरली तर चार तास. डायपरवाले आठ, रात्रीतून दोनदा, पुसून कोरडं करून दहा मिनिटं. ते 160 मिनिटं. हे झाले जवळजवळ सात तास. उरलेल्या पाच तासांत बाकीच्यांना संडासला नेणं, पाणी पाजणं, घाबरून हाका मारणाऱ्याजवळ बसणं, पहाटेचे चहा. शिवाय 70 किलोचा माणूस एकटीने वळवता येत नाही, ओढला जातो, आणि ओढल्यानेच कातडी सोलते. म्हणजे पूर नसतानाही, वीज असतानाही, सगळे कामावर असतानाही ती वही खरी असणं शक्य नव्हतं. हा हिशेब मला पहिल्या दिवशी करता आला असता. पाचवीच्या गुणाकाराइतका सोपा होता. मी नळकांड्याची तारीख वाचत होतो.

आणखी एक आकडा मी कधी विचारला नव्हता. मावशी पंधरवड्याने परत आल्या तेव्हा विचारला. 7,500. बारा तासांचे, महिन्यातून दोन सुट्ट्या. मिरजेच्या एका हॉस्पिटलात साडेनऊ मिळत होते पण नातवंडांची शाळा इकडे म्हणून त्या इथे. शाळा तिकडे असती तर अण्णांना घड्याळावर भरवणारं कुणी भेटलंच नसतं, आणि सेंटर तेच राहिलं असतं, तीच फरशी, तेच कठडे.

अण्णांना दुसरीकडे हलवावं असं बायको म्हणत होती. कुठे? मी आणखी तीन जागा बघून आलो. यावेळी दुपारी तीनला गेलो, न कळवता, आणि वही मागितली नाही. खाटेवरच्या माणसांची नखं बघितली. घंटीचं बटण हाताला पोचतं का बघितलं. दोन ठिकाणी ते भिंतीला इतकं उंच होतं की मलाच चवड्यावर उभं राहावं लागलं. रात्री किती बायका, हा प्रश्न विचारला. तिन्हीकडे उत्तर एकच आलं, एक. मग परत येऊन आम्ही तीन घरांनी मिळून रात्रीच्या दुसऱ्या बाईचा पगार वाटून घ्यायचं ठरवलं. चालवणाऱ्या बाई आधी कचरल्या, मग म्हणाल्या, “बाकीच्या अकरांच्यापण कुशी बदलतील मग.” बदलल्या. त्या अकरांपैकी तिघांच्या घरचे कित्येक महिने पैसे देत नव्हते, हेही तेव्हाच कळलं. त्यांना काढून टाकलं नव्हतं. खोटी वही लिहिणारी बाई तीच, आणि त्या तिघांना फुकट सांभाळणारीही तीच. यातलं एक धरून दुसरं सोडायचं कसं, ते मला जमलेलं नाही.

तीनची गोळी द्यायला मी रोज जायला लागलो. मावशी मलमपट्टी करायच्या, मी अण्णांचा खांदा धरून त्यांना कुशीवर पेलायचो. पहिले दोन दिवस माझे हात कापत होते. “धरा घट, तुमचंच बा हाय,” त्या म्हणायच्या. मी दिवाळीला त्यांना दोन हजार दिले, ते त्यांनी लगेच मोजून कनवटीला लावले आणि कामाला लागल्या. बरं वाटलं. जखम भरायला संक्रांत उजाडली. अण्णा गेले ते त्यानंतर पाच आठवड्यांनी, न्यूमोनियाने, कातडी शाबूत असताना.

त्या महिन्यांत मी एक साधी शंभरपानी वही ठेवली होती. मावशी सांगायच्या, मी लिहायचो. मी नसलो की त्यांची नात लिहायची, सातवीतली. परवा कपाट आवरताना ती सापडली. तिच्यात कोष्टक नाही. डाग आहेत, पिवळे. एका पानावर नातीच्या अक्षरात आहे:

‘तीनची गोळी सव्वातीनला. मी विसरलेली. आजी वरडली. पेज अर्धी वाटी, मग नको म्हनले. टाच बरी. डावी कूस पाच वाजता, सात वाजता नाही केली कारण झोपलेले आणि आजी म्हणाली झोपू दे. नवीन हळकुंड दिलं. लय वेळ बघितलं. कच्ची हाय म्हनले.’